सात खेळ्यांत संपलेले बुधवार

सदा,

आपल्या कर्मचारी संघाच्या अंकात तुझ्यावर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलंय. "दत्ताराम, तुमच्याइतकं जवळचं त्यांचं कोण होतं?" असं सगळे म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, दुःखाने घातली. तुझा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं, जिंकलेल्या ढाली हे सगळं वेगळ्या चौकटीत येणार आहे, ते दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलंय. मला दोन पानं मोकळी मिळाली आहेत. त्यांत मी जे लिहिणार आहे ते वाचून त्यांनी अंकात घेतलं नाही, तरी माझी तक्रार नाही.

गोष्ट एवढीच आहे. तू आजारी पडल्यापासून सात महिने, दर बुधवारी मी तुझ्याकडे यायचो. आपण बुद्धिबळाचा एक डाव खेळायचो. आणि मी तुला सात खेळ्यांत हरवायचो. लोक म्हणतात, दत्तारामने शेवटपर्यंत दोस्ती निभावली. सातच खेळ्या का, हे मला कुणी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस. तू विचारलं असतंस तर मी खोटं बोललो असतो, म्हणून आता न विचारताच सांगतो.

पण आधी ओरोसच्या आपल्या ऑफिसातलं थोडं लिहितो. तेवढं लिहिताना हात हलका राहतो.

व्हरांड्याच्या टोकाला जुन्या फायलींचं कपाट होतं आणि त्याच्या मागे एक टेबल, ज्याचा एक पाय विटेवर होता. मधली सुट्टी अर्ध्या तासाची. तू एका हाताने डबा उघडायचास आणि दुसऱ्या हाताने सोंगट्या लावायचास. मी पहिलं प्यादं पुढे करावं की नको याचा विचार करत बसलो की तू भाताचा घास हातात धरून ओरडायचास, "मेल्या, प्यादां ढकलतंस की पोरगी बघूक इलंस? अर्धो तास आसा. त्यात डबो खावचो, हात धुवचे आणि तिघांका हरवचा. तुझ्यासारखो इचार करीत बसलंय तर पेन्शनीतच मात होतली."

डावाच्या सुरुवातीलाच लावायच्या सापळ्याला तू फासकी म्हणायचास. रानडुकराच्या वाटेवर तारेचा फास लावतात, ती फासकी. तुझ्याकडे अशा दहा-बारा होत्या आणि प्रत्येकीचं तू बारसं केलं होतंस. समोरच्याला एकामागोमाग एक प्यादी खायला देऊन उतारावर सोडायचं, मग त्याचे ब्रेक लागत नाहीत, ती फोंडाघाटाची फासकी. राजाच्या चारी बाजूंना त्याचीच माणसं उभी असताना घोड्याने शह द्यायचा आणि त्याला हलायला जागाच ठेवायची नाही, ती जत्रेची. आंगणेवाडीच्या रांगेत एकदा तू असा अडकला होतास, त्यावरून ते नाव.

नवीन साहेब आले होते, कॉलेजात चॅम्पियन होतो असं दोन-तीनदा सांगून झालं होतं त्यांचं. त्यांना तू जत्रेच्या फासकीत आठव्या खेळीला घेतलंस. साहेबांनी तुझा उंट खाऊन मिशीवरून बोट फिरवलं आणि तू घोडा ठेवलास. साहेब पटाकडे बघत राहिले. साहेबांशी बोलताना तू लगेच पुस्तकातली मराठी काढायचास. "राजाला हलायला जागा नाही, साहेब. सगळी आपलीच माणसं आहेत, पण गर्दी बघा केवढी झाली." साहेब गेल्यावर मला कोपराने ढोसून म्हणालास, "डबो अजून गरम आसा, हात लावन बघ."

मला ते आवडायचं नाही. म्हणजे बघायला आवडायचं, पण पटायचं नाही. तुझी सगळ्यात लाडकी फासकी होती नैवेद्य. तीत तू आपला वजीर समोरच्याच्या पानात वाढून ठेवायचास, आणि ठेवल्याबरोबर कपाळावर हात मारून घ्यायचास. "अरे देवा! ह्यां काय केलंय मी!" समोरचा खूश व्हायचा, वजीर उचलायचा, आणि दोन खेळ्यांत त्याचा राजा मेलेला असायचा. खेळी खरी आहे, पण कपाळावरचा हात खोटा आहे, असं माझं म्हणणं होतं.

"पटार सगळा उघडा आसा," तू म्हणायचास. "चौसष्ट घरां तेका दिसतत, तितकीच माका. मी लपवलंय काय?"

"चेहरो लपवलंस."

"चेहरो पटार खंय आसता रे?"

हे भांडण वीस वर्षं चाललं. माझं दुसरंही एक म्हणणं होतं आणि ते मी फार गंभीर तोंडाने मांडायचो. दोन माणसं समोरासमोर बसली की एकाने दुसऱ्याला थोडा वेळ द्यायला हवा. आठ-दहा खेळ्यांत संपवून टाकणं हा समोर बसलेल्याचा अपमान आहे. हे मी तुला सांगायचो, सदा. मी.

गणपती होऊन गेले आणि तुला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी ठरवलं, बुधवारी यायचं. बुधवारी साहेब दौऱ्यावर असायचे, लवकर निघता यायचं. साडेचारची एसटी तुमच्या वाडीवर सव्वापाचला मला सोडायची, पुढे शेवटच्या थांब्याला जायची, तिथे ड्रायव्हर-कंडक्टर चहा प्यायचे, आणि तीच गाडी पावणेसहाला परत येऊन मला ओरोसला घेऊन जायची. मधे अर्धा तास. आपल्या मधल्या सुट्टीएवढाच.

वयनीने पडवीत तुझी खुर्ची लावलेली असायची, पुढे स्टुलावर पट. मी घरापुढच्या खळ्यात चप्पल काढली की ती म्हणायची, "येवा भावजी. बसा. मी जरा मागल्यान जाऊन येतंय." पांढऱ्या सोंगट्या तू मला द्यायचास, पाहुणा म्हणून.

पहिले तीन बुधवार आपण साधं खेळलो. तू डाव्या हाताने सोंगटी उचलायचास, ती शेजारची दोन पाडायची, मी ती उभी करायचो. उजवा हात मांडीवर होता, कुणीतरी ठेवून गेल्यासारखा. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ यायची आणि तुझ्या सदऱ्याला वयनीने पिनने रुमाल लावलेला होता, लहान मुलांना लावतात तसा. तू तो वापरायचास, पण उशिरा. मी बघायचो की आता येणार, आता येणार, आणि तुझा हात अजून हत्तीवर असायचा.

तिसऱ्या बुधवारी तू हत्तीवर बोट ठेवलंस आणि मला काहीतरी सांगायला लागलास. "ह... ह..." शब्द येईना. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. 'हत्ती' एवढाच शब्द होता. तो मी म्हणायला काय हरकत होती? मी खाली मान घालून पटाकडे बघत राहिलो. मग तूच बोट काढून घेतलंस.

परत जाताना एसटीत मी एकच हिशेब करत होतो, की आपण दोघं एकाच वर्षी जन्मलो. तुझी कीव आली असं म्हणायला बरं वाटलं असतं. मला भीती वाटली होती, आणि किळसही. हा शब्द लिहायला मला आज पूर्ण सकाळ लागली.

चौथ्या बुधवारी मी नैवेद्य वाढला.

तुझीच फासकी, तुझ्याकडूनच शंभरदा बघितलेली. माझं राजासमोरचं प्यादं, तुझं प्यादं. माझा घोडा. तू प्यादं एक घर सरकवून आधार दिलास. माझा उंट तुझ्या राजाजवळच्या प्याद्यावर नजर लावून बसला. तुझा उंट आला आणि त्याने माझा घोडा वजिरासमोर अडकवून धरला. माझा दुसरा घोडा. तू कडेचं प्यादं एक घर ढकललंस. मग अडकलेला घोडा मी सरळ उचलून तुझ्या प्याद्यावर नेला. वजीर उघडा. तुझ्या उंटाने वजीर खाल्ला. माझ्या उंटाने शह, तुझा राजा एक घर पुढे, माझा दुसरा घोडा, मात.

तू पटाकडे बघितलंस. अर्ध्या तोंडाने हसलास. "अरे... देवा," म्हणालास. तो शब्द आला तुला.

मीही हसलो, सोंगट्या पेटीत भरल्या, "गाडी येयत रे" म्हटलं आणि उठलो. वयनी मागच्या दारातून आली, पदराने तोंड पुसत. "झालो डाव?" तेव्हा पाच पंचवीस झाले होते. गाडीला वीस मिनिटं होती.

ती वीस मिनिटं मी ओहोळावरच्या साकवाच्या, त्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसून काढली. त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या बुधवारची काढली. तिथे मोबाईलला रेंज नाही. पाण्यात मासेही नाहीत बघण्यासारखे. मी नुसता बसायचो, आणि मला बरं वाटायचं. तुला भेटून झालं, आता कुणी म्हणणार नाही की दत्ताराम विसरला. सव्वापाच ते पाच पंचवीस एवढी दोस्ती, आणि बाकी साकव.

तू दर बुधवारी त्याच फासकीत कसा सापडतोस, हा प्रश्न मला पडायचा. उत्तरही मी तयार ठेवलं होतं. झटका डोक्याचा आहे, विसरला असेल. वयनी सांगायचीच की गोळी घेतली की नाही ते तुला आठवत नाही. जो माणूस ती फासकी साहेबांना, तलाठ्यांना, शिक्षकांना लावून दमला नव्हता, तो ती विसरला असं मी मानलं. मानायला काही कष्ट पडले नाहीत. दर बुधवारी तू प्यादं एक घर सरकवायचास, उंट आणायचास, कडेचं प्यादं ढकलायचास, वजीर खायचास आणि "अरे देवा" म्हणायचास. मलाही मग डाव लावताना लाज वाटेनाशी झाली. हात आपोआप चालायचे, लोक देवळात प्रदक्षिणा घालतात तसे.

शिमग्याच्या सुमाराला एकदा तू सोंगट्या लावून झाल्यावर माझ्या मनगटावर डावा हात ठेवलास. "दत्ता. आज... लांब... खेळया." तीन शब्दांना तुला बराच वेळ लागला. मी म्हटलं, "आज नको रे. पुढच्या बुधवारी खेळया." का नको, ते सांगितलं नाही, तू विचारलंही नाहीस. पुढच्या बुधवारी मी काही बोललो नाही, आणि तूही नाही. पुन्हा कधी तू तसं म्हणाला नाहीस.

शेवटच्या बुधवारचं आता लिहायला हवं.

त्या दिवशी तुझा चेहरा बराच बरा होता. दाढी केलेली होती. वयनीने "येवा" म्हटलं आणि ती मागे गेली. आपण सुरुवात केली. प्यादं, प्यादं, घोडा, प्यादं, उंट, उंट, घोडा. आणि नेहमी तू जिथे कडेचं प्यादं ढकलायचास, तिथे तू वजिराच्या बाजूचा घोडा बाहेर काढलास. मी पटाकडे बघतच नव्हतो. हात सवयीने गेला, अडकलेला घोडा उचलला, तुझं प्यादं मारलं, वजीर उघडा टाकला. सोंगटी टेकवली तेव्हा मला दिसलं. तुझ्या घोड्याच्या वाटेत माझा घोडा बसला होता. वजिराकडे न बघता तू तो नुसता मारला असतास, तर माझी फासकी तिथेच तुटली असती. ज्याने ही फासकी शिकवली त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. किती जणांना तू बजावलं होतंस, "नैवेद्य वाढूच्या आदी तेचो घोडो खंय आसा ता बघ."

तुझा डावा हात उठला. तो घोड्याकडे गेला. बोटं घोड्याच्या कानांवर टेकली, मी बघितलं. मग तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस. माझी पिशवी माझ्या मांडीवरच होती, सात महिन्यांत मी ती खाली कधी ठेवली नव्हती. तू पिशवीकडे बघितलंस. हात घोड्यावरून काढलास, उंट उचललास आणि वजीर खाल्लास.

"अरे देवा," म्हणालास. हात कपाळापर्यंत नेलास.

मी उंटाने शह दिला. तू राजा सरकवलास. मी घोड्याने मात केली. मला म्हणता आलं असतं, सदा, परत घे, घोडा मार, आपण खेळूया. गाडीला वीस मिनिटं होती. मी सोंगट्या भरल्या. तू म्हणालास, "जा. गाडी येयत."

मी साकवावर जाऊन बसलो.

पुढच्या बुधवारी मी आलो नाही. वयनीला फोन करून सांगितलं, बैठक आहे. त्याच्या पुढच्या बुधवारीही बैठक होती. कुठलीच बैठक नव्हती, मी क्वार्टरमध्ये पंख्याखाली पडून होतो. तुझ्या समोर बसायचं तर आता मला माहीत आहे हे तुला माहीत, आणि तुला माहीत आहे हे मला. कोणत्या तोंडाने सोंगट्या लावायच्या? शुक्रवारी सकाळी दुसरा झटका आला. मी पोचलो तेव्हा खळ्यात माणसं जमली होती.

बाराव्याला गर्दी होती. जेवणं झाल्यावर पडवीत बसायला जागा नव्हती, म्हणून कुणीतरी मला तुझ्या खुर्चीवर बसवलं. सात महिने मी त्या खुर्चीच्या समोर बसलो, खळ्याकडे पाठ करून. तुझ्या बाजूने कधी बघितलं नव्हतं. खळ्याच्या कडेला दोन माड आहेत, आणि त्यांच्या बरोबर मधून साकव दिसतो. कठडासुद्धा. कठड्यावर तेव्हा एक बकरी उभी होती, तिचं शेपूट हलतानाही दिसत होतं.

वयनी पानं उचलत होती. मी विचारलं, "वयनी, हयसून साकव दिसता?"

"दिसता तर." ती थांबली. "गाडी येयसर हे तुमका बघीत बसत."

"काय म्हणत?"

"म्हणत, तेका जमणा नाय गो, जाऊ दे तेका." तिने पानं खाली ठेवली. "खोटा कित्याक सांगू भावजी, माका तुमचो राग येय. तुमी इलास की मी मागल्या पायरेर जाऊन बसय. आठवड्यात तितकोच अर्धो तास माझो. हेंच्याकडे कोण आसा म्हणान डोळे मिटून बसय. आणि पाच मिंटात तुमची चप्पल वाजली, की झाला."

तिचा अर्धा तास मी घेऊन जात होतो आणि ओहोळात टाकत होतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

घरी आल्यावर मला एक गोष्ट उमगली आणि ती मला अजून सोडत नाही. वीस वर्षं मी ज्या खोट्या चेहऱ्यावरून तुझ्याशी भांडलो, तो चेहरा तू सात महिने माझ्यासाठी लावून बसलास. अर्धं तोंड हलत नसताना. मला पळायला वाट हवी होती आणि ती तू दर बुधवारी सातव्या खेळीला करून दिलीस, आणि वर "अरे देवा" म्हणालास, म्हणजे मला वाटावं की मी जिंकलो. मी आभार मानू की नको, ते कळत नाही. मानतो. पण मनात एक किल्मिषही आहे, तेही सांगून टाकतो. तू एकदा घोडा मारायला हवा होतास, सदा. मला तिथे अडकवायला हवं होतंस. कदाचित मला जमलं असतं. बहुतेक नसतं जमलं. पण तू इतका चांगला वागलास की आता मला ते कधीच कळणार नाही.

काल बुधवार होता. साडेचारच्या एसटीत मी का चढलो ते सांगता येणार नाही, पाय गेले. सव्वापाचला वाडीवर उतरलो. वयनी खळ्यात काजीच्या बिया पसरत होती. "येवा," म्हणाली, आणि मागे गेली नाही. आता तिला अर्ध्या तासाची गरज उरलेली नाही, सगळा दिवस तिचाच आहे. चहा झाला. मी घड्याळ बघत नव्हतो, पण तिने माझ्या पिशवीकडे बघितलं. मी ती उचलून खाली ठेवली.

मग तिने आत जाऊन पट आणला आणि स्टुलावर ठेवला.

"शेवटचो डाव दाखवा माका," ती म्हणाली. "सात म्हयने दोगे काय खेळत होतात ता तरी कळांदे."

सोंगट्या कशा चालतात तेवढं तिला तुझ्यामुळे येतं. ती तुझ्या खुर्चीवर बसली. मी दोन्ही बाजूंच्या खेळ्या करून दाखवायला लागलो. प्यादं, प्यादं, घोडा, प्यादं, उंट, उंट, घोडा. आणि तुझ्या चौथ्या खेळीपाशी माझा हात थांबला. तिथे नेहमीसारखं कडेचं प्यादं ढकललं की झालं. मग मी वजीर सोडतो, तू खातोस, मात. चौथ्यापासून बाकी सगळ्या बुधवारी तसंच झालं होतं, त्या एका बुधवारी झालं नाही हे जगात फक्त मला ठाऊक. तिला काय कळणार होतं? माझं बोट प्याद्याला लागलंसुद्धा होतं.

मी बोट काढलं. तुझा घोडा उचलला आणि तू ठेवला होतास तिथे ठेवला. मग माझा घोडा उचलून तुझं प्यादं मारलं.

"हयसर सदान उंटान माझो वजीर खाल्लो," मी म्हटलं आणि उंट उचलायला गेलो.

"थांबा." वयनी पटावर वाकली. बोटाने घरं मोजली, एक, दोन आणि अर्धं. "ह्यो घोडो तुमच्या घोड्याक मारता नाय?"

"मारता."

"मारल्यार?"

"मारल्यार मी हरतंय, वयनी."

"ह्यां हेंका दिसूक नाय?"

"दिसला तेका. हात गेल्लो तेचो घोड्याकडे. कानार बोटां टेकली होती."

"आणि तुमी?"

"मी बघलंय. आणि गप रवलंय. डाव झाल्यार साकवार जाऊन बसलंय. बैठक नाय होती, वयनी. दोनव बुधवार माका कसलीच बैठक नाय होती."

इतकी वाक्यं मी एका दमात कधी बोललो नव्हतो. ती रडली नाही, रागावलीही नाही, निदान मला दिसेल असं नाही. पटाकडे बघत राहिली. बियांवर कोंबडी आली, तिला तिने बसल्या जागेवरून "हाड गो" केलं. मग तिने तुझा घोडा उचलला, माझा घोडा मारला आणि तो स्टुलाच्या कडेला आडवा ठेवला.

मी पटाकडे बघायला लागलो. एक घोडा कमी, वजीर अजून जाग्यावर, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मला पुढची खेळी सुचत नव्हती. उंट मागे घ्यावा? वजीर आधी हलवावा? खाली वळणावर एसटीने हॉर्न दिला, साकवापाशी जरा थांबली, आणि कुणी नाही बघून गेली. मी अजून विचारच करत होतो.

"भावजी," वयनी म्हणाली, "पाळी तुमची आसा."